खिलार माळावरून दावणीला कसं आलं



आमचं रान चिंचोळी एमआयडीसीच्या कडंला. पहिली पाळी सुटली की कंपनीतली पोरं कधीमधी बांधावर थांबतात, गाईचा फोटो काढतात. परवा त्यातल्याच एकानं विचारलं, "काका, ही दूध किती देते?" म्हणलं, वासराचं सोडून सकाळी दीड लिटर, संध्याकाळी एक. पोरगं हसलं. म्हणलं, "मग सांभाळता कशाला?"

त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या घरी दोन एचएफ आहेत, डेअरीचा हप्ता दर दहा दिवसाला खात्यात येतो. पण हा प्रश्न माझ्या आज्याला कुणी विचारला नसता. खिलार गाईला दूध विचारायची रीतच नव्हती. विचारायचे ते, "मागच्या वेताचा खोंड कसा निघाला?" एवढंच. गाय म्हणजे बैलाची आई. पुस्तकात खिलारचं एका वेताचं दूध ४०० ते ५०० किलोच्या आसपास धरतात. तेवढं एचएफ दीड महिन्यात देते. म्हणून दुधाच्या मापानं ही जात मोजली तर ती नापासच होणार. पण मग एवढी शेकडो वर्षं ती टिकली कशी आणि आताच का हटायला लागली, ह्याचा मी बरेच दिवस विचार करतोय. वाचलेलं, जुन्या माणसांकडून ऐकलेलं आणि दावणीला शिकलेलं असं सगळं मिळून लिहितो. जरा लांब होईल, सवडीनं वाचा.

खिलार ह्या शब्दाचा मूळ अर्थच कळप. जुनी माणसं अजून "गुरांचं खिलार" म्हणतात. कळप राखणारा तो खिलारी किंवा ठिलारी. म्हणजे ह्या जातीला नाव मिळालं ते गावावरून किंवा रंगावरून नव्हे, फिरत्या कळपावरून. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

जाणकार खिलारचं नातं म्हैसूरकडच्या हल्लीकर जनावरांशी लावतात. मागं वळलेली लांब शिंगं, निमुळतं तोंड, घट्ट चामडी, कडक खूर. दोन्ही जनावरं शेजारी उभी केली तर कुणालाही पटेल. त्या म्हैसूरच्या जनावरांचा इतिहास मोठा आहे. तिथल्या राजांनी गुरांचे सरकारी कळप आणि त्यांच्यासाठी राखीव कुरणं ठेवली होती. चिक्कदेवराज वडियारानं त्या खात्याला बेण्णे चावडी नाव दिलं, म्हणजे लोण्याची कचेरी. पुढं हैदरअलीनं तेच बैल तोफा आणि रसद ओढायला वापरले. टिपूनं खात्याचं नाव अमृतमहाल केलं. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि कळप इंग्रजांच्या हातात गेले. १८०३ मध्ये वेलस्ली मराठ्यांवर चालून आला तेव्हा त्याच्या तोफा आणि दाणागोटा म्हैसूरच्या बैलांनीच ओढला. आपल्या बैलांच्या भाऊबंदांनी आपल्याच विरुद्ध तोफा ओढल्या म्हणायच्या. बैलाला काय, जू ठेवील त्याचा तो.

आपल्याकडं ह्या जातीचं माहेर म्हणजे माणदेश आणि त्याच्या भोवतीचा मुलूख. म्हसवड, आटपाडी, सांगोला, जत, मंगळवेढा, पंढरपूर. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती, म्हणून अजून "आटपाडी महाल" हा खिलारचा एक प्रकार म्हणून सांगतात. दुसरा म्हसवडी. खाली कर्नाटकाच्या बाजूला हणम, वर खानदेशात तापीकाठचा ठिलारी, त्याचं नाक आणि खूर गाजरी रंगाचे. आणि एक नकली खिलार. नकली म्हणजे खोटा नव्हे, तांबूस झाक मारणारा. आपले लोक मात्र कोसा, काजळी असं रंगावरून बोलतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा, पंढरपूरच्या कार्तिकीतला वाखरीचा बाजार, सोलापूरच्या गड्ड्यातला जनावरांचा बाजार, ही सगळी खिलारची ठाणी. आणि सांगोल्याचा बाजार तर दर रविवारी.

हा सगळा पाऊस न पडणारा मुलूख. नदी उन्हाळ्यात कोरडी, माळावर कुसळी आणि पवना. इथं जनावर दिवसाला पाच-सहा कोस हिंडल्याशिवाय त्याचं पोट भरत नव्हतं. ज्याचा खूर मऊ, ते मागं राहिलं. जी गाय दोन दिवसाआड पाण्यावर निभली नाही, तिचं वासरू जगलं नाही. ही निवड कुठल्या साहेबानं केली नाही आणि शेतकऱ्यानं तर मुळीच नाही. माळानं केली, आणि कळपामागं काठी घेऊन चालणाऱ्या धनगर-ठिलाऱ्यांनी केली. चांगला वळू कुठला ठेवायचा, कुठले गोऱ्हे बडवायचे, हे ते ठरवायचे. आपण शेतकरी फक्त गिऱ्हाईक होतो. बाजारात जायचं, दलालाच्या रुमालाखाली बोटं दाबायची आणि आदत नाहीतर दुसा खोंड घेऊन यायचं.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. सोलापूरची काळी जमीन ज्यानं नांगरली त्यालाच माहीत. हरळी, कुंदा माजला की लाकडी नांगराला एक जोडी काहीच करत नाही. सहा बैल, आठ बैल जुंपायला लागायचे. आठ बैल कुणाच्या घरी असणार? म्हणून सावड. तुझी जोडी, माझी जोडी, त्याची जोडी, आज तुझं रान, उद्या माझं. भांडण असलं तरी सावड मोडायची नाही, कारण ती मोडली तर दोघांचं रान पडीक. गावात एकमेकाला धरून राहायचं निम्मं कारण बैल होतं असं मला वाटतं. आता ट्रॅक्टरवाल्याला फोन केला की काम होतं, कुणाला बोलायचंही कारण उरलं नाही.

नांगरट झाली की मोट. विहिरीच्या धावेवर बैल दिवसभर खाली-वर. नाडा, सोंदूर, पखालीसारखी चामड्याची मोट. त्याच्यावर गाडी. १८६० ला रेल्वे सोलापूरला आली, १८७७ ला जुनी गिरणी उभी राहिली, आणि कापूस, ज्वारी, करडई घेऊन गाड्यांच्या रांगा शहराकडं लागायला लागल्या. खिलारचा पाय उचलता, म्हणून गाडीला त्याला तोड नव्हती. मोहोळच्या सरकारी शेतीकेंद्रावर १९३० च्या दशकात मालदांडी ३५-१ ज्वारी निवडून काढली, तिचं नाव आज देशभर आहे. लोक तिच्या भाकरीचं कौतुक करतात, पण शेतकऱ्याला ती दुहेरी कामाची. माणसाला दाणा, बैलाला गोड कडबा. रब्बीची ज्वारी आणि खिलार, ही जोडी एकमेकाच्या आधारानं जगली. एक गेलं की दुसरं लंगडं होतं. ह्याचा अनुभव आता येतोय.

बैल गेला तर घर गेलं, हे सरकारलाही कळत होतं, अगदी इंग्रज सरकारलासुद्धा. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आपल्या भागात फार वाईट गेला. माणसं मेली, जनावरं त्याच्याही आधी. पुढं पाऊस पडला तरी औत ओढायला बैल नाहीत, अशी गत. १८८४ चा तगाईचा कायदा झाला, त्यात बी-बियाण्याबरोबर जनावरं घ्यायलाही कर्ज धरलेलं आहे. आणि १९०८ चा दिवाणी कायदा, जो अजून चालू आहे, त्याच्या ६० व्या कलमात लिहिलंय की शेतकऱ्याची अवजारं आणि पोट भरायला लागणारी जनावरं कोर्टाच्या हुकुमानंही जप्त करता येत नाहीत. सावकाराचं पाच हजार देणं असो नाहीतर पाच लाख, जू आणि त्याखालचे बैल वगळले. हे कलम मला एका वकिलानं दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचायला लावलं. ट्रॅक्टरचा हप्ता थकला की ट्रॅक्टर ओढून नेतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पैदाशीतही सरकार पडलं. १९२६ ला लिनलिथगोच्या अध्यक्षतेखाली शेतीचं रॉयल कमिशन बसलं, १९२८ ला त्याचा अहवाल आला. त्यात एक म्हणणं असं होतं की चारा कमी म्हणून जनावर हलकं, जनावर हलकं म्हणून जास्त जनावरं पाळायची, आणि जास्त पाळली की चारा आणखी कमी. हे चक्र आज गोठा बघितला तरी दिसेल. मग १९३३ ला मुंबई इलाख्यात पशुसुधारणेचा कायदा झाला. जिथं तो लागू करतील तिथं परवान्याशिवाय वळू ठेवायचा नाही, बाकीचे खच्ची करायचे. त्याच्या बरोबरीनं गावात देवाला सोडलेला पोळ असायचाच. त्याला कुणी हाकलायचं नाही, कुणाच्याही रानात शिरला तरी. म्हणजे बघा, कळप ठिलाऱ्याचा, माळ सगळ्यांचा, पोळ देवाचा, सावड गावाची. एकट्या माणसाच्या खिशातून खिलार कधी जगलंच नव्हतं. खर्च वाटलेला होता.

मोडलं ते एका दिवसात नाही. आधी मोट गेली. इंजिन आणि मग विजेची मोटार आली, विहिरीवरची जोडी मोकळी झाली. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही, धावेवर बैलाचे आणि माणसाचे काय हाल व्हायचे ते ज्यांनी बघितलंय ते मोटेची गाणी गात बसत नाहीत. ७२ च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या, त्या काहींनी परत भरल्याच नाहीत. १९८० ला उजनी पुरी झाली, पाणी जसं पोचत गेलं तसा ऊस वाढला आणि ज्वारी आटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. जनावराला वाढे आणि ऊस घालायला लागलो. दुसऱ्या बाजूनं दुधाचा महापूर योजना १९७० पासून, आणि उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला काढलेल्या बाएफची संकरित पैदास. तिनं हजारो घरं उभी केली, माझ्या पाव्हण्यांची पण. मी त्याला नावं ठेवत नाही. पण कृत्रिम रेतनाची कांडी आली आणि गावचा पोळ कोंडवाड्याच्या लायकीचा झाला.

माळाचं काय झालं ते आमच्या भागात कोंडी, पाकणी, चिंचोळी असं हायवेनं आलं तरी दिसतं. शेड, तारेचं कुंपण, गेट, वॉचमन. आम्ही लहानपणी ज्या मुरमाडावर गुरं घेऊन जायचो तिथं आता ट्रक उभे असतात. तिकडं नान्नजच्या बाजूला माळढोकसाठी १९७९ ला अभयारण्य झालं, तिथंही चराई बंद. कारखान्यानं पोरांना काम दिलं, माळढोक वाचायला पाहिजे, दोन्ही मला मान्य. पण गाईच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीचा अर्थ एकच, तिचं हिंडणं संपलं. आणि गुराख्याचं पोरगं पाळीला जायला लागलं. राहिली ती दावण.

इथंच माझा मुद्दा आहे. आपण खिलारला काटक, काटक म्हणतो. ती काटकता तिच्या रक्तात आहे हे निम्मं खरं. निम्मी ती हिंडण्यात होती. मी स्वतः फसलोय. पहिली गाय आणली तेव्हा पाच वर्षं सलग दावणीला बांधून ठेवली, वर उसाचे वाढे आणि सरकी पेंड. अंगानं भरली, फोटो झकास यायचे. पण खूर वाढून पुढं वळले, माज वेळेवर दिसेना, स्वभाव असा तापट झाला की माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देईना. मी जातीला दोष देत होतो. एका म्हाताऱ्या धनगरानं बघितलं आणि म्हणाला, "आरं, तू हरिण बांधून घातलंयस." त्याच महिन्यात खूर साळून घेतले आणि तिला ओढ्याच्या कडंनं दोन-अडीच तास सोडायला लागलो. वाढे कमी केले, कडबा आणि रानातलं हिरवं गवत ठेवलं. चार महिन्यांनी गाभ गेली.

नंतरचा त्रास पैदाशीचा. एकदा खिलारची म्हणून कांडी भरून घेतली. नऊ महिने नऊ दिवस वाट बघितली आणि वासरू जन्मलं ते कपाळावर चांद अन पोटावर काळे-पांढरे पट्टे घेऊन. ज्यानं भरली त्याचं नाव घेत नाही, चूक त्याची की त्याला कांडी देणाऱ्याची ते कुणीच सांगेना. पण माझं दीड वर्ष गेलं. आपल्या कृषी पदवीधर मित्रांना एवढंच सांगतो, दुधाच्या गाईत कांडी चुकली तर थोडं दूध इकडंतिकडं होतं, खिलारमध्ये चुकली की ती पिढीच गेली. कांडीवरचा नंबर स्वतः वाचा, फोटो काढून ठेवा.

आता शर्यतीचं. शर्यतीनं खिलार वाचवलं असं सगळे म्हणतात. २०११ ला केंद्रानं बैल खेळात वापरायला बंदी असलेल्या जनावरांच्या यादीत घातला, ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, २०१७ ला राज्यानं कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शिक्का मारला. मधल्या सात वर्षांत खोंडाचे भाव किती पडले ते बाजारात उभं राहिलेल्यांना माहीत आहे. परवानगी आली तसे चढले. म्हणजे शर्यतीनं आधार दिला हे खरं. पण शर्यतीला पाहिजे तो खोंड उंच, हलका, एका दमात पळणारा. सहा तास औत ओढणारा जाड हाडाचा, रुंद छातीचा बैल आता कुणी मागत नाही. दहा-वीस नावाजलेल्या वळूंच्या मागं सगळे लागलेत. आणि ज्या गाईचा खोंड पळाला नाही तिला कोण ठेवतं? जात वाचतेय, पण वेगळीच होऊन वाचतेय असं मला दिसतं. कुणाला पटणार नाही, सांगा तसं.

मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी झाली. गाईला ती १९७६ च्या कायद्यातच होती. भावनेनं मला बरं वाटलं. पण हिशोब असा झाला की शर्यतीला न लागलेला, औताला काम नसलेला गोऱ्हा मरेपर्यंत शेतकऱ्याच्या दावणीला. मग लोक काय करतात? गाईच ठेवत नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरं आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटली आणि संकरित जवळपास २७ टक्क्यांनी वाढली. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं, गोशाळेतल्या गाईला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. चांगलं झालं. फक्त जी गाय अजून शेतकऱ्याच्या दावणीला आहे, जिच्यापासून पुढची पैदास होणार आहे, तिला हे पैसे नाहीत. तिला आधी टाकून द्यायची, मग ती गोशाळेत गेली की तिचे ५० रुपये सुरू.

माझा स्वतःचा हिशोब लपवत नाही. चार एकर रान, एक गाय, एक कालवड, एक जोडी. जोडीनं कोळपणी, कुळवणी, पेरणी माझी होते आणि आजूबाजूच्या आठ-दहा जणांची भाड्यानं. तुरीत, कांद्यात उभ्या पिकात ट्रॅक्टर जात नाही, तिथं बैल लागतोच, आणि बैलवाले आता एवढे कमी झालेत की नंबर लावावा लागतो. ती कमाई धरली तर गाईचा आणि बैलांचा चारा निघतो, माझी मजुरी निघत नाही. शेणखत रानात जातं, त्याचा भाव धरला तर गोळाबेरीज समान होते. एका गाईवर तीस एकर पिकवा म्हणणारे भेटतात, मी त्यांना माझे चार एकर बघायला बोलावतो. २०२२ ला लम्पी आला, बाजार बंद, शेजारच्या तीन संकरित गाई गेल्या. माझ्या गाईलाही गाठी आल्या, आठ दिवस खाल्लं नाही, पण उठली. एका गाईवरून जातीचा निकाल लावायचा नसतो हे मला कळतं. लस मात्र तेव्हापासून चुकवली नाही.

तर त्या पोराला मी काय उत्तर दिलं? काहीच नाही. त्याला म्हणलं, उद्या सुट्टी असली तर सकाळी ये, कांद्यात कोळपं धरायचंय. तो आला पण. दोन तास कासरा धरून चालला, दुपारी म्हणाला, काका, ट्रॅक्टरनं हे झालं नसतं. मग निघाला, पाळी होती.

कालवड आता चार वर्षांची होईल. मागच्या सोमवारी पहिल्यांदा माज दाखवला, सोडून दिला, पुढचा धरायचा आहे. म्हणजे एकविसाव्या दिवसाच्या आसपास, दोन रविवार हातात. मी येत्या रविवारी सांगोल्याच्या बाजाराला जातोय, वळू घ्यायला नाही, चौकशीला. मोहोळ ते सांगोला ह्या पट्ट्यात कुणाकडं कोसा वळू असेल, शर्यतीचा नको, औताच्या हाडाचा, आई-बापाची माहिती सांगता येईल असा, तर शनिवारपर्यंत कळवा. पिकअपचं भाडं मी भरीन.